मॅग्नेट शाळेची फी टाउन भरतं, म्हणून ओशाळायचं?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही हार्टफर्डच्या दक्षिणेकडच्या एका टाउनमध्ये भाड्याच्या घरात राहतो. नवरा इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत, एच-1बीवर. ग्रीन कार्डाच्या रांगेचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोठी मुलगी आठवीत आहे. तिला लॉटरीत विंडसरमधल्या विमानविद्या आणि इंजिनिअरिंगच्या मॅग्नेट शाळेत (म्हणजे अनेक टाउनच्या मुलांसाठी असलेल्या, खास विषयाच्या सरकारी शाळेत) नववीची जागा मिळाली. कळल्यापासून पोरगी हवेत आहे.

मागच्या आठवड्यात टाउनच्या बजेटची सभा झाली. पडद्यावर 'मॅग्नेट ट्यूशन' अशी ओळ आली आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "इथं चांगलं हायस्कूल असताना हौसेनं बाहेर जाणाऱ्यांची फी आम्ही का भरायची?" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याच मराठी ग्रुपमधली मैत्रीण, जी शाळेत बरीच वर्षं व्हॉलंटिअर आहे, तीही म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? तुझी पोरगी गेली की माझ्या पोरांच्या शाळेचे पैसे जातात." नवऱ्याचं म्हणणं, आपण व्हिसावरची माणसं, कशाला लोकांच्या डोळ्यावर यायचं, नको म्हणून कळवून टाक. तो स्वतः नवोदयमधून शिकलेला. त्याच्या तोंडून हे ऐकून फार वाईट वाटलं. धाकटा दुसरीत आहे, त्याला शाळेत स्पीच थेरपी मिळते. पुढे त्याचाही अर्ज भरायचं मनात होतं. आम्ही खरंच कुणाचं ओरबाडून घेतोय का? उत्तर कळवायला दहा दिवस आहेत.

— एक आई, कनेटिकट

उत्तर

नमस्कार.

दहाच दिवस आहेत, म्हणून आधी उत्तर देते आणि मग बोलू. मुलीला जायचं असेल आणि पहाटेची बस तुमच्या घराला झेपणार असेल, तर जागा घ्या. टाउनच्या पैशांसाठी नाकारू नका. तुम्ही कुणाचं ओरबाडत नाही आहात. पण तुमची मैत्रीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये, आणि तिच्याशी अबोला धरण्याआधी तिचा हिशेब समजून घेतलेला बरा.

मॅग्नेट शाळा क्रेकसारखी (हार्टफर्ड भागातल्या टाउनची सामाईक शिक्षणसंस्था) प्रादेशिक संस्था चालवते, तेव्हा राज्य त्या संस्थेला दर विद्यार्थ्यामागे अनुदान देतं. शिवाय मूल ज्या टाउनचं, त्या टाउनचं शिक्षण मंडळ शाळेला ट्यूशन भरतं. पालकाच्या खिशाला चाट नाही (बालवाडीची गोष्ट वेगळी, तिथे उत्पन्नाप्रमाणे फी असते). आता मुद्द्याची गोष्ट. लॉटरीत मूल लागलं आणि आईबापांनी जागा घेतली की टाउनने ती ट्यूशन भरायचीच. "आमचं हायस्कूल चांगलं आहे, आम्ही नाही भरत" असं म्हणायची मुभा कायद्याने ठेवलेलीच नाही. त्यामुळे त्या गृहस्थांनी सभेत जी ओळ काढून टाका म्हणून हाक दिली, ती काढण्याचा अधिकार त्या खोलीत बसलेल्या एकालाही नव्हता. टाउन कौन्सिल किंवा फायनान्स बोर्ड शिक्षणाचा एकूण आकडा कमी करू शकतं, पण आतल्या ओळी ठरवणं शिक्षण मंडळाचं काम. आणि शिक्षण मंडळाचे हात या ओळीपुरते राज्याने बांधलेले. टाळ्या मात्र पडतात, कारण आकडा पडद्यावर दिसतो आणि त्यामागची मुलं दिसत नाहीत.

बजेटची ती जाडजूड प्रत टाउनच्या संकेतस्थळावर असते. एकदा उघडून बघाच. 'ट्यूशन' या मथळ्याखाली मॅग्नेटची ओळ एकटी नसते. तिच्या शेजारी, आणि बहुतेक वेळा तिच्यापेक्षा मोठी, विशेष शिक्षणासाठी बाहेरच्या शाळांत पाठवलेल्या मुलांची ओळ असते. त्याच पानावर अनेक टाउनमध्ये शेतीशास्त्राच्या केंद्राची ओळ सापडेल. शेजारच्या टाउनमधल्या त्या केंद्रात घोडे, ग्रीनहाउस, गाईगुरं यांचं शिकायला जाणाऱ्या मुलांची ट्यूशनही त्यांचं स्वतःचं टाउनच भरतं. "हौसेनं बाहेर जाणारे" असं त्या मुलांना कुणी भरसभेत म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. का, ते तुम्हालाही कळतं आणि मलाही. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

आता मैत्रिणीची बाजू. तिचं म्हणणं असं, की मूल गेलं तरी शाळेचा खर्च कमी होत नाही, उलट बाहेर पैसे भरावे लागतात. हे खरं आहे. लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा कमी आला म्हणून आचारी मजुरी कमी घेत नाही. तुमच्या मुलीच्या वर्गातून एकटी ती गेली, तर शिक्षक तेवढेच राहणार, बस त्याच रस्त्याने धावणार, जानेवारीत इमारत तापवायचं बिल तेवढंच येणार. दहा इयत्तांतून मिळून वीस-पंचवीस मुलं गेली तर एकाही वर्गाची तुकडी बंद होत नाही, पण ट्यूशनची बिलं मात्र वीस-पंचवीस येतात. छोट्या टाउनच्या बजेटमध्ये एवढ्या रकमेत एखाद्या शिक्षकाची जागा निघू शकते. तुमची मैत्रीण शाळेत राबते. ती जागा गेलेली तिला दिसते, तुमच्या मुलीची प्रयोगशाळा तिला दिसत नाही.

पण हिशेब इथेच थांबवता येत नाही. ही सगळी मुलं एकाच सप्टेंबरला परत आली, तर त्याच टाउनला वर्ग वाढवावे लागतील, शिक्षक घ्यावे लागतील. कनेटिकटमधली टाउनं एका मुलामागे वर्षाला सरासरी वीस हजार डॉलरच्या वर खर्च करतात. मॅग्नेटची ट्यूशन त्याच्या बरीच खाली असते, कारण मोठा वाटा राज्य उचलतं. शिवाय हे ओझं हलकं व्हावं म्हणून 2023 मध्ये विधिमंडळाने कायदा केला. 2024-25 पासून मॅग्नेट शाळांना टाउनकडून 2023-24 च्या ट्यूशनच्या 58 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेतीशास्त्राच्या केंद्रांनाही हीच मर्यादा आहे. म्हणजे पडद्यावरची ती ओळ आधीपेक्षा लहान झालेली असणार. सभेत कुणी हे सांगितलं का? बहुधा नाही. तुमच्या टाउनची गेल्या तीन वर्षांची बजेटं शेजारी ठेवा आणि ही एकच ओळ वाचा. मैत्रिणीशी बोलताना भावनेपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडेल.

"इथं चांगलं हायस्कूल असताना" हे त्या गृहस्थांचे शब्द मला जास्त खटकले, कारण मॅग्नेट शाळा तुमच्या टाउनच्या हायस्कूलवर नाराज असलेल्यांसाठी काढलेल्याच नाहीत. त्या कशा आल्या ते आपल्या लोकांत फारसं कुणाला माहीत नसतं. आपल्याकडे मॅग्नेट म्हणजे "हुशार मुलांची स्पेशल शाळा" असा समज पक्का झालाय. न्यू जर्सी आणि व्हर्जिनियातल्या परीक्षा घेऊन भरणाऱ्या शाळांच्या गोष्टी ऐकून तो झाला असावा. हार्टफर्डचं प्रकरण निराळं आहे. तिथे प्रवेश लॉटरीने होतो, आणि त्यामागे एक खटला आहे.

1989 साली हार्टफर्डमधल्या काही मुलांच्या वतीने राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. त्यात पहिलं नाव मायलो शेफ या चौथीतल्या मुलाचं होतं, आणि राज्याच्या बाजूने गव्हर्नर ओनील यांचं. म्हणून तो 'शेफ विरुद्ध ओनील'. दाव्याचं सार असं, की शहरातल्या शाळांत जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, पाच-दहा मैलांवरच्या उपनगरांत जवळजवळ सगळी गोरी, आणि ही दरी राज्याच्याच कायद्याने टिकवलेली आहे. तो कायदा 1909 चा. टाउनची हद्द तीच शाळेची हद्द, असं त्याने ठरवून टाकलं होतं. 1996 च्या जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. उपाय मात्र न्यायालयाने स्वतः ठरवला नाही, तो विधिमंडळावर सोपवला. मग 2003 पासून तडजोडी होत गेल्या आणि त्यांतून हार्टफर्ड आणि भोवतालची 21 टाउन मिळून मॅग्नेट शाळांचं हे जाळं वाढलं. हद्दी मोडायच्या नाहीत, कुणावर सक्तीही करायची नाही. शाळा इतक्या चांगल्या काढायच्या की शहरातली आणि उपनगरातली मुलं आपणहून एका वर्गात येतील.

आता सांगा, उपनगरातून कुणी गेलंच नाही तर या शाळांचं काय राहिलं? तुमची मुलगी त्या वर्गात बसते तेव्हा न्यायालयाने जे मागितलं त्यातला अर्धा भाग ती पुरा करते. 2013 च्या तडजोडीपर्यंत आशियाई मुलं या मोजणीत अल्पसंख्याकांच्या बाजूला धरली जात, नंतर ती दुसऱ्या, म्हणजे गोऱ्या मुलांच्या बाजूला गेली. शाळेत निदान चौथा हिस्सा त्या दुसऱ्या बाजूची मुलं असायला हवीत, असा दंडक होता. त्याचा तोटाही होता. उपनगरातून पुरेशी मुलं आली नाहीत की काही शाळांत जागा रिकाम्या राहत आणि हार्टफर्डची मुलं प्रतीक्षायादीत बसून राहत. त्याविरुद्ध 2018 मध्ये हार्टफर्डमधल्याच पालकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. पुढे लॉटरी वंशाऐवजी घरच्या आणि वस्तीच्या आर्थिक परिस्थितीवर बेतली गेली. 2022 च्या जानेवारीत मूळ खटल्याची अंतिम तडजोड झाली, तेव्हा हार्टफर्डच्या ज्या मुलाला जागा हवी त्याला ती मिळावी म्हणून जागा वाढवायचं राज्याने कबूल केलं. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की "आमच्यामुळे हार्टफर्डच्या एखाद्या गरीब मुलाची जागा गेली का" हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नसलात तरी ओळींच्या मधे होता. शाळेत दोन्हीकडची मुलं असावीत अशीच मांडणी आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर तुमची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल, आणि त्याचंही बिल कुठलं तरी टाउन किंवा राज्यच भरेल.

यजमानांच्या नवोदयबद्दल. त्यांना एवढं विचारा, की त्यांच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेने त्यांच्या नावाने कधी बिल भरलं होतं का? नाही. नवोदयचा खर्च केंद्र सरकारचा. 1985-86 साली प्रयोग म्हणून दोन शाळा काढल्या त्यांतली एक आपल्या अमरावतीत होती, आणि तेव्हापासून पैसा दिल्लीहूनच येतो. गावातलं हुशार पोर सहावीला निघून गेलं तर मास्तरांना हळहळ वाटायची, पण शाळेच्या खात्यातून रुपया जात नव्हता. त्यामुळे सगळं गाव पेढे खायला यायचं. कनेटिकटमध्ये शाळेचा मोठा खर्च टाउनच्या मालमत्ता करातून निघतो, म्हणून लॉटरीचं पत्र आलं की शेजाऱ्याला आधी आपला कर आठवतो. यजमान तेच आहेत, त्यांची मुलगी तशीच आहे, पैशाचा नळ तेवढा दुसरीकडून आला आहे. गुन्हा झाला असेल तर तो नळ बसवणाऱ्यांचा.

आणि व्हिसाचं म्हणाल, तर "आपण बरं, आपलं काम बरं" ही आपली जुनी सवय मला समजते. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला कुठल्याही कागदावर नाव नको वाटतं. पण इथे भीतीला आधार नाही. सरकारी शाळा मुलाचा व्हिसा विचारत नाही. 1982 साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येणार नाही असं ठरवलं. तुमची मुलं तर रीतसर एच-4 वर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर आहेत. शाळेला तुमचा पत्ता लागतो, कारण बिल कुठल्या टाउनला पाठवायचं ते त्यावरून ठरतं. "आम्ही कर भरत नाही" असंही मनात आणू नका. घरमालक मालमत्ता कर भरतो तो तुमच्या भाड्यातूनच, आणि जुलैत गाडीच्या कराचं बिल येतं ते तर थेट टाउनचंच असतं. बजेटवर मत द्यायला नागरिकत्व लागतं, ते तुमच्याकडे नाही. बोलायला ते लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पुढच्या सभेला जा. आपली मुलगी किती गुणाची आहे ते सांगायला नव्हे. तिचं नावही घेऊ नका, आठवीतल्या पोरीला गावच्या भांडणात ओढायचं कारण नाही. लोकांना बोलण्यासाठी राखलेल्या वेळात दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात एवढंच विचारायचं, की 58 टक्क्यांची मर्यादा आल्यावर आपल्या टाउनचे किती पैसे वाचले आणि ते कुठे गेले. आणि बाकीची ट्यूशनही राज्याने उचलावी असं आपलं शिक्षण मंडळ विधिमंडळाला लिहिणार आहे का. ही मागणी तुमच्या मैत्रिणीचीही होऊ शकते. किंबहुना तिचीच आहे, फक्त ती चुकीच्या दारावर थाप मारतेय. न्यायालयाने दोषी ठरवलं राज्याला, मग दुरुस्तीचं बिल टाउनच्या शाळेने का भरायचं, हा प्रश्न हार्टफर्डच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात विचारण्यासारखा आहे. शिक्षण समितीच्या आणि अर्थसमितीच्या जाहीर सुनावण्या दर अधिवेशनात होतात, लेखी निवेदनही चालतं. दोघींनी मिळून एक लिहा. तुमचं मूल मॅग्नेटमध्ये, तिची टाउनच्या शाळेत, आणि दोघींचं मागणं एक, असं निवेदन आमदारांना रोज वाचायला मिळत नाही.

एवढं सांगूनही जी गोष्ट तुमचा निर्णय फिरवू शकते, ती बस. दक्षिणेकडच्या टाउनमधून विंडसर म्हणजे हार्टफर्ड ओलांडून पलीकडे. बस राज्याच्या पैशातून आहे, त्याची काळजी नाही. पण ती टाउनच्या बससारखी दारात येईलच असं नाही, ठरलेल्या थांब्यावर जावं लागतं. डिसेंबरात सकाळी त्या थांब्यावर मिट्ट काळोख असतो, बर्फ उपसून केलेल्या ढिगाऱ्याच्या कडेला पोरं कानटोप्या घालून उभी असतात आणि एखाद्याची आई गाडीत हीटर लावून बस येईपर्यंत थांबलेली असते. ती आई तुम्ही असाल. यजमानांची सकाळची मीटिंग, धाकट्याची शाळा, हे सगळं बसवून बघा. थांबा कुठे आणि बस किती वाजता, हे जागा स्वीकारण्याआधी फोन करून विचारा. आणि एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळेला मुलीला उठवून गाडीने शाळेपर्यंत नेऊन आणा. त्या फेरीनंतरही तिचे डोळे चमकत असतील तर प्रश्न मिटला. सुट्टीनंतरच्या क्लबांसाठी उशिराची बस आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. विमानांची हौस असलेल्या मुलीचा जीव त्या क्लबांतच रमणार. तिच्या जवळच्या मैत्रिणी टाउनच्या हायस्कूलला जाणार असतील, तर पहिले काही महिने ती घरी येऊन रडेल, तेव्हा "तूच म्हणत होतीस ना" असं म्हणू नका. नाहीच जमलं तर टाउनचं हायस्कूल तिला परत घ्यायला बांधील आहे, तो हक्क जात नाही.

धाकट्याचं मात्र वेगळं बघा, ताईच्या पाठोपाठ त्याला ढकलू नका. विशेष शिक्षणाची जबाबदारी मॅग्नेटमध्ये गेल्यावरही तुमच्या टाउनचीच राहते. पीपीटीची (मुलाला कुठल्या सेवा द्यायच्या ते ठरवणाऱ्या शिक्षक-पालकांच्या गटाची) बैठक टाउन घेतं, आणि थेरपीचा जो जादा खर्च येतो तो टाउन मॅग्नेट शाळेला देतं. कागदावर त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. प्रत्यक्षात आता एका इमारतीत असलेली माणसं दोन ठिकाणी विभागली जातात, आणि कुठे काही अडलं की "हे त्यांच्याकडे" आणि "ते यांच्याकडे" सुरू होतं. सध्याच्या थेरपिस्टबरोबर त्याचं जमलं असेल आणि त्याचं बोलणं सुधारत असेल, तर थेरपी संपेपर्यंत त्याला हलवायची घाई मी तरी करणार नाही. लॉटरी दर वर्षी असते. तोवर पुढच्या पीपीटीत एवढं नोंदवून घ्या, की भविष्यात मॅग्नेटचा विचार आहे, तेव्हा सेवा कोण आणि कुठे देईल. उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात हवं.

मुलीची जागा स्वीकारलीत तर मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. स्वीकारल्याचा ईमेल जपून ठेवा आणि टाउनच्या शाळेलाही लेखी कळवा, नाहीतर ऑगस्टमध्ये ती दोन्हीकडच्या पटावर दिसेल आणि कागदांचा घोळ होईल. करार संपून घर बदलायचं झालं तर नवीन पत्ता त्याच आठवड्यात शाळेला द्या. 22 टाउनच्या बाहेर गेलात तर बसचं काय होतं, ते घर बघायला जाण्याआधी विचारा, सही केल्यावर नव्हे.